उपस्थित मुलांपैकी

आमच्या शालेय समितीसाठी दर तीन महिन्यांनी मी एक तक्ता बनवायचे, आणि तसा तक्ता बनवण्यात माझा हात धरणारं घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणी नव्हतं, हे मी आजही म्हणेन. एका पानावर अख्खी शाळा. डावीकडे उद्दिष्ट, मध्ये झालेलं काम आणि उजवीकडे एक रंगीत गोल. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे होतंय, लाल म्हणजे बोंब. सभासदांचं पहिलं बिस्किट चहात बुडेपर्यंत शाळेचं कसं चाललंय ते त्यांना कळलेलं असायचं. निदान तसं त्यांना वाटायचं. माझी हुशारी सगळी त्या वाटण्यात खर्च होत होती, हे कळायला निवृत्तीचं वर्ष उजाडावं लागलं.

मी एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. बाहेरच्यांना वाटतं, मुख्याध्यापिका म्हणजे शाळेची मालकीण. छे! शाळा असते संस्थेची. संस्थेची एक शालेय समिती असते आणि मुख्याध्यापिका तिथे शाळेची कैफियत मांडायला बसते. आमच्या समितीत एक डॉक्टर होते, एक वकील, दोन माजी विद्यार्थी, अध्यक्ष आणि गावकरकाका. अध्यक्षांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. गावकरकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वडील गिरणीत, मूळ गाव मालवणजवळ. सभेत ते मालवणीत बोलायचे, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून हसायचे. मीही हसायचे.

टाळेबंदी संपून शाळा पुन्हा भरल्या, त्या वर्षी संस्थेनं पाच वर्षांचा आराखडा करायचं ठरवलं. मराठी शाळांची पटसंख्या आधीच घसरत होती, त्यात दोन वर्षं मुलं घरी. काहीतरी करणं भागच होतं. जुहूच्या एका हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा झाली. एक तरुण सल्लागार आला, त्यानं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. संध्याकाळी मोजल्या तर आमची बारा उद्दिष्टं झाली होती. 'शाळेत आनंददायी वातावरण' हे त्यातलं एक. ते मोजायचं कसं, असं मी विचारलं, तर सल्लागार म्हणाला, "मॅडम, रांगोळी स्पर्धा किती झाल्या ते मोजा ना!" त्या वर्षी आमच्याकडे इतक्या रांगोळ्या निघाल्या, की शिपाईमामा झाडूला कंटाळले.

पण एक उद्दिष्ट खरं होतं, आणि ते मी स्वतः लिहिलेलं होतं: पाचवीतलं प्रत्येक मूल अनोळखी उतारा न अडखळता वाचेल. आमच्याकडे पाचवीला मुलं आसपासच्या प्राथमिक शाळांमधून येतात. पंतनगरची, विक्रोळीची, काही थेट गोवंडीहून बसनं. त्या वर्षीची पाचवी म्हणजे तिसरी-चौथी मोबाइलवर काढलेली मुलं, आणि ज्यांच्या घरी मोबाइल एकच, तो कामाला जाणाऱ्या आईबापाच्या खिशात, त्यांनी ती वर्षं काढलीच नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षर ओळखू येई, पण शब्द होत नसे.

मोजण्याची पद्धतही मी नीट बसवली होती. सत्रातून दोनदा 'वाचन पाहणी'. उतारा पुस्तकातला घ्यायचा नाही, कारण मुलं पुस्तक पाठ करतात. वर्गाच्या बाईंनी ऐकायचं नाही, दुसऱ्या वर्गाच्या बाईंनी ऐकायचं. जे मूल त्या दिवशी गैरहजर असेल, त्याला त्याच आठवड्यात परत बसवायचं. इतकी चोख पद्धत होती, की पहिल्या पाहणीला आमचा गोल लाल आला. मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. खोटं बोलत नव्हतो ना आम्ही!

त्यावर उपाय केला शिल्पानं. शिल्पा पाचवीला मराठी शिकवणारी आमची तरुण बाई. तिनं शाळा सुटल्यावर एक तासाचा वाचनवर्ग काढला. न वाचणारी मुलं घ्यायची, जमिनीवर बसायचं आणि दुकानाच्या पाट्यांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत जे मिळेल ते वाचायचं. तळमजल्यावरच्या एका खोलीत हा वर्ग भरायचा. मी जाता-येता दाराशी थांबायचे. त्यात प्रतीक्षा नावाची एक मुलगी होती. गोवंडीची, दोन घट्ट वेण्या, आवाज मात्र मोठा. एकदा ती मसाल्याच्या पाकिटावरचा 'तिखट' हा एकच शब्द इतक्या मोठ्यानं वाचत होती, की वरच्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गात हशा पिकला. तिला त्याचं काही नव्हतं. तिनं तो शब्द परत वाचला.

दुसऱ्या पाहणीला गोल पिवळा झाला. मुलं सुधारत होती, पण वेळ लागत होता. समितीत साहेब म्हणाले, "बाई, बाकी सगळं हिरवं आणि वाचनच पिवळं? मराठी शाळेत? पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे, लोकांना काय दाखवायचं?" रागावले नव्हते, अगदी गोडीत म्हणाले. आणि मी, इतक्या वर्षांची अनुभवी बाई, त्या गोडीला भुलले. 'पिवळा म्हणजे होतंय, साहेब, होऊ दे की' एवढं म्हणायला माझी जीभ का रेटली नाही, याचं उत्तर माझ्यापाशी आहे. मला शाबासकी हवी होती.

त्या आठवड्यात मी तक्त्याच्या मथळ्यात एक शब्द घातला. आधी होतं, 'पाचवीच्या मुलांपैकी वाचणारी मुलं'. मी केलं, 'उपस्थित मुलांपैकी वाचणारी मुलं'. गैरहजरांना परत बसवण्यात शिक्षकांचा वेळ जातो, असं कारण टिपणीत लिहिलं. तेही खरंच होतं. अर्ध्या खऱ्याइतकं सोयीचं काही नसतं, हे शाळेच्या कार्यालयात काम केलेल्या कोणालाही विचारा.

एवढ्यावर थांबले असते तरी आज तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण पुढच्या महिन्यातल्या पाहणीच्या आदल्या दिवशी मी शिल्पाला बोलावलं आणि तिच्या वर्गातल्या न वाचणाऱ्या मुलांची यादी मागितली. अकरा नावं होती.

मी म्हटलं, "उद्या ही मुलं नाही आली तरी चालेल."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे, बाई?"

"म्हणजे त्यांच्या घरी कळव. त्यांच्यावर उगाच ताण नको."

"बाई, ताण कसला? ती रोज वाचतात माझ्यासमोर. मला आणखी दोन महिने द्या ना. त्यातली पाच तरी नक्की वाचतील."

"दोन महिन्यांनी वार्षिक सभा नाहीये, शिल्पा. ती या महिन्यात आहे."

शिल्पानं यादीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणून कळवते. पण हे मला आवडलेलं नाहीये हं, बाई." मी म्हटलं, तुझ्या आवडीचा प्रश्न नाहीये. आजवर कोणत्याही शिक्षिकेशी मी असं बोलले नव्हते, आणि ज्या दिवशी बोलले, त्या दिवशी बरोबर ती होती.

गोल हिरवा झाला. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या, मला शाल आणि श्रीफळ मिळालं. आणि समितीच्या पुढच्या सभेत गावकरकाकांनी तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाई, माका एक सांगा. हय 'उपस्थित' लिवलासात. मग जी पोरां इली नाय, ती खंय मोजतास?"

इतक्या वर्षांत त्या खोलीत विचारला गेलेला हा एकमेव कामाचा प्रश्न. मी काय केलं? हसून म्हटलं, "काका, सभेला न आलेल्या सभासदांना आपण कोरममध्ये मोजतो का?" डॉक्टर हसले, वकील हसले, साहेब तर खोकेपर्यंत हसले. काकांनी चष्मा खाली घेतला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर तक्त्याबद्दल त्यांनी कधी काही विचारलं नाही. एका माणसाचं तोंड मी विनोदानं बंद केलं, आणि तेव्हा मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं.

खरी वाट पुढेच लागली. हिरव्या गोलाचं असं असतं, की तो मिळाला की काम थांबतं. त्याच सभेत ठराव झाला: वाचनाचं उद्दिष्ट साध्य झाल्याने वाचनवर्ग बंद करून ती खोली व तो तास इंग्रजी संभाषण वर्गास द्यावा. पालकांना इंग्रजी हवं होतं, आराखड्यात तेही उद्दिष्ट होतं. ठरावाला सूचक अध्यक्ष, अनुमोदक वकील. मुख्याध्यापिका हीच समितीची चिटणीस, म्हणून मी तो स्वच्छ अक्षरात लिहून काढला. वर्ग चालू ठेवा म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. शिल्पा वर्षअखेरीस दुसऱ्या शाळेत गेली. जाताना पाया पडली.

ती अकरा मुलं सहावीत गेली, मग सातवीत. या वर्गांत मूल मागे ठेवण्याचा आमच्याकडे रिवाज नाही, आणि प्रगतिपुस्तकात ज्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, त्या बाजारात छापील पुस्तिकेत तयार मिळतात. 'वाचन अस्खलित.' 'आत्मविश्वासाने उत्तरे देते.' शिक्षक नोंदी उतरवतात, मुख्याध्यापिका खाली सही करते. मी एका बैठकीत चहाच्या दोन कपांत सगळ्या पाचवीच्या सह्या उरकायचे. सही झोकदार आहे माझी.

निवृत्तीला काही महिने उरले होते. एका दुपारी प्रतीक्षाची आई कार्यालयात आली. मागे प्रतीक्षा, आता आठवीत, उंच झालेली, मान खाली. आईचं नाव वनिताताई. त्या एका इस्पितळात साफसफाईच्या कामाला आहेत. मूळच्या परभणीकडच्या, नवरा नाही, स्वतः शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. घरात वाचणारं माणूस म्हणजे प्रतीक्षा. वस्तीत पुनर्वसनासाठी घरांची मोजणी होऊन दारावर नोटीस लागली होती. अमुक कागदपत्रं घेऊन अमुक दिवशी या, नाहीतर घर यादीत धरलं जाणार नाही, असं त्यात होतं. आईनं मुलीला वाचायला लावलं. मुलीनं नोटिशीकडे बघितलं आणि म्हणाली, "काही नाही गं, गटारसफाईचं आहे." दिवस निघून गेला. शेजाऱ्यांची घरं यादीत आली, यांचं राहिलं. आता अर्ज करायचा, तर जुन्या वास्तव्याचा पुरावा हवा, म्हणून शाळेचा दाखला मागायला त्या आल्या होत्या.

हे सगळं वनिताताईंनी मुलीला बोल लावत सांगितलं. "खोटं बोलली बाई ही माझ्याशी! आळशी झालीय. मोबाइल पायजे, वाचायला नको."

मी टेबलावरचं एक परिपत्रक प्रतीक्षापुढे सरकवलं. "वाच बघू, बाळा."

तिनं पहिला शब्द लावला. दुसऱ्यावर थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाचवीत दाराबाहेर ऐकू यायचा तो आवाज कुठे गेला, तेच मला समजेना. वनिताताई आधी मुलीकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रगतिपुस्तकं काढली, सगळ्या वर्षांची. पाचवीचं माझ्यापुढे धरलं.

"बाई, मला वाचता येत न्हाई. पर शेजारच्या पोरानं वाचून दाखिवलं व्हतं मला. हितं लिवलंय न्हवं, हिला चांगलं वाचता येतं म्हून? ही सही तुमचीच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग?"

मी उगाच म्हटलं, की पाहणीच्या दिवशी प्रतीक्षा गैरहजर होती, त्यामुळे नोंद राहून गेली असेल. खोटेपणाची सवय इतकी मुरलेली, की तेव्हासुद्धा पोरीवर ढकललं. वनिताताई एकदम ताठ झाल्या. "माझी पोरगी कधी दांडी मारीत न्हाई, बाई. आदल्या दिवशी शाळंतनंच फोन आलता, उद्या हिला सुट्टी हाय म्हून. मला ध्यानात हाय. हिला घरी एकली कशी ठिवू, म्हून मी कामावर खाडा केला व्हता."

तेव्हा प्रतीक्षा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात. "आई, सगळ्यांना सुट्टी नव्हती. ज्यांना वाचता येत नव्हतं ना, फक्त त्यांना होती. आम्हाला माहीत होतं."

दहा वर्षांच्या अकरा मुलांना माहीत होतं! शाळेनं आपल्याला मोजायचं नाही असं ठरवलंय, हे त्यांना कळलं होतं, आणि त्यातलं एकही मूल तीन वर्षांत बोललं नव्हतं. मला खुर्चीवर बसवेना. मी वनिताताईंची माफी मागितली. काय घडलं ते सगळं सांगितलं, तक्ता, शब्द, यादी. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "दाखला द्या, बाई. हाफीस बंद हुईल." मी दाखला दिला. त्याचा उपयोग झाला की नाही, अजून कळलेलं नाही. त्यांचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे.

माझ्या शेवटच्या सभेत मी उभी राहिले आणि समितीला सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, आता जाता जाता कशाला हे? चांगलं काम केलंत, चांगलं नाव घेऊन जा." इतिवृत्तात माझ्या जागी येणाऱ्या नव्या चिटणिसांनी लिहिलं, 'मुख्याध्यापिकांनी वाचन उपक्रमाविषयी मनोगत व्यक्त केले.' माझ्याच तालमीत तयार झालेल्या आहेत त्या.

गावकरकाका मात्र उठले. त्यांचं वय आता खूप झालंय, टेबलाला धरून उभे राहिले. "बाई, नावां हत?" माझ्याजवळ यादी होती. "वाचा."

मी अकरा नावं वाचली. प्रत्येक नावाला काका विचारत होते, "ह्यां आता खंय आसा?" चार मुलं शाळेत होती. दोन गावी गेली होती. उरलेल्या पाचांचं काय झालं, ते मला सांगता आलं नाही, आणि डॉक्टर, वकील, कोणीच हसलं नाही. काका म्हणाले, "आता दर सभेक आधी ह्याच करूचा. रंग मगे बघू." तसा ठराव त्यांनी तिथल्या तिथे लिहवून घेतला. समितीनं शाळेवर लक्ष कसं ठेवावं, यावर मी पूर्वी शिबिरांमध्ये तासभर व्याख्यान द्यायचे. काकांनी ते दोन वाक्यांत संपवलं. टक्के विचारू नका, जे मोजले गेले नाहीत त्यांची नावं विचारा, एवढंच त्यात होतं.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं आणि त्या कोरमच्या विनोदाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "माका तेवाच कळला होता, बाई, काय तरी घोळ आसा. पण तुमी सगळे हसलात, मी गप रवलंय. माझा पण चुकलाच." त्यांचं चुकलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलं, पण ते पटल्यासारखे दिसले नाहीत.

निवृत्त झाल्यावर मी प्रतीक्षाला घरी शिकायला बोलावलं. पंतनगरला घर आहे माझं, तिला बस सोयीची. ती चार दिवस आली. समोर बसायची, पुस्तकावर बोट ठेवायची आणि एक शब्द उच्चारायची नाही. मी पाणी आणायला आत गेले, की कुजबुजल्यासारखं वाचायची. मी आले की गप्प. पाचव्या दिवशी आली नाही. वनिताताईंचा फोन आला. "बाई, राग मानू नका. ती म्हंती, बाईंसमोर वाचायची लाज वाटते." वाटायला हवी होती मला, तीन वर्षांपूर्वी, आणि वाटत राहिली तिला.

मग मी शिल्पाचा नंबर शोधला. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्रतीक्षाचं घर कुठे आहे, बाई?" आता ती दर रविवारी गोवंडीला जाते. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर प्रतीक्षा आणि आणखी तीन मुलं बसतात. त्या अकरांपैकी एक मुलगा वनिताताईंनी शोधून आणला, म्हणे.

परवा न राहवून मी शिल्पाला फोन केला. "कुठवर आलीय गं ती? वाचते का आता?"

शिल्पा म्हणाली, "बाई, खरं सांगू? तिनं बजावून ठेवलंय मला. बाईंनी विचारलं तर काही सांगू नका, म्हणाली. त्या लिहून ठेवतील."